दिवाळखोरीचा अर्ज केला तर सरकारचा माणूस नेमकं काय करतो? सोलापुरातल्या एका यंत्रमागधारकाला उत्तर

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण अशाच अडचणीत असलेले सोलापुरातले आणखी बरेच जण हे वाचतील. पूर्व भागात तुमचे टॉवेलचे ८ लूम, फर्म तुमच्या एकट्याच्या नावावर. दीड वर्षापासून कारखाना बंद. नागरी बँकेचे १४ लाख, त्याला कारखान्याची जागा आणि लूम तारण. पतसंस्थेचे ४ लाख, दोन जामीनदार. सूत व्यापाऱ्याचे ६ लाख आणि त्याच्याकडे तुमचे सही केलेले चेक. हातउसने आणि व्याजाने घेतलेले मिळून ५ लाख. क्रेडिट कार्ड आणि मोबाइलवरून घेतलेल्या कर्जाचे २ लाख. शिवाय जीएसटीची थोडी थकबाकी. तुम्ही विचारता की सरकारचं दिवाळखोरीचं ऑफिस सोलापुरात कुठे आहे, तिथे अर्ज केला की हे ३१ लाख माफ होतात का, आणि त्याआधी राहतं घर बायकोच्या नावावर करून ठेवू का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात आधी देतो. घर बायकोच्या नावावर करू नका. कारण पुढे सविस्तर सांगतो, पण बक्षीसपत्राचा मसुदा तयार असेल तर तो आहे तिथेच राहू द्या.

आता मूळ मुद्दा. पत्ता सांगणं सोपं आहे, पण तेवढ्याने तुमचं काम होणार नाही. या सगळ्यात सरकारचा किंवा कोर्टाचा जो माणूस मध्ये येतो, तो कोणासाठी काम करतो हे तुम्हाला आधी समजायला हवं. मी कर्जदारांच्या वतीने नादारीचे, म्हणजे दिवाळखोरीचे, अर्ज केले आहेत आणि कोर्टाने नेमलेला रिसिव्हर म्हणूनही काम पाहिलं आहे. दोन्हीकडून पाहिल्यावर एक गोष्ट पक्की सांगतो: रिसिव्हर कर्जदाराचा नसतो आणि कुठल्या एका धनकोचा, म्हणजे ज्याचे पैसे तुम्ही देणं लागता त्याचाही, नसतो. तुमची मालमत्ता ताब्यात घ्यायची, ती खरी किती आहे ते शोधायचं, विकायची आणि सगळ्या धनकोंना हिशोबाने वाटायची, हे त्याचं काम. कर्ज माफ करणं त्याच्या हातात नाही. पण तुम्हाला पुढे मुक्तता मिळेल की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या अहवालावर ठरतं.

तुमचा गोंधळ का झाला तेही समजतं. इंटरनेटवर शोधलं की इंग्लंडची माहिती पुढे येते. तिथे इन्सॉल्व्हन्सी सर्व्हिस नावाची सरकारी यंत्रणा आहे, २०१६ पासून कर्जदाराचा अर्ज ऑनलाइन तिच्याकडेच जातो, तिचाच ऑफिशियल रिसिव्हर प्रकरण हातात घेतो आणि साधारण वर्षभरात माणूस मोकळा होतो. अमेरिकेत अर्ज कोर्टात होतो आणि न्याय खात्याची एक शाखा ट्रस्टी मंडळींवर देखरेख ठेवते. दुसरीकडे आपल्याकडचा २०१६ चा आयबीसी, म्हणजे नादारी आणि दिवाळखोरी संहितेचा कायदा. त्यात व्यक्तींच्या दिवाळखोरीचा अख्खा तिसरा भाग आहे, त्यासाठी डीआरटीकडे, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, जायचं आहे, १८० दिवसांची स्थगिती आहे, परतफेडीची योजना आहे. अगदी गरिबासाठी ‘फ्रेश स्टार्ट’ आहे: वार्षिक उत्पन्न ६०,००० पर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नाही, अशा माणसाला नवी सुरुवात. वाचताना मन हलकं होतं. पण हा तिसरा भाग आजपर्यंत फक्त एकाच गटाला लागू झाला आहे. कंपनीच्या कर्जाला ज्यांनी वैयक्तिक हमी दिली त्यांना, तोही १ डिसेंबर २०१९ पासून. त्याला आव्हान दिलं गेलं होतं, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना कायम ठेवली. तुमची फर्म एकट्याच्या मालकीची आहे, प्रायव्हेट लिमिटेड नाही. त्यामुळे तुमच्यासाठी तो दरवाजा अजून उघडलेला नाही. कुणी एजंट ‘आयबीसीत फाइल टाकतो, तीस-चाळीस हजार द्या’ असं म्हणत असेल तर देऊ नका.

मग तुम्हाला लागू काय? १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या तीन शहरांना १९०९ चा वेगळा कायदा आहे, तिथे ऑफिशियल असायनी नावाचा अधिकारी असतो आणि नादार ठरलेल्या माणसाची मालमत्ता त्याच्याकडे जाते. बाकी सगळीकडे १९२० चा कायदा. आयबीसीत हे दोन्ही जुने कायदे रद्द करण्याचं कलम आहे, पण तेही लागू केलेलं नाही. म्हणून सोलापूरकराने अर्ज करायचा तो जिल्हा न्यायालयात, किंवा सरकारने ज्या दिवाणी न्यायालयाला हे अधिकार दिले असतील तिथे. वेगळं असं ऑफिस नाही. राज्य सरकार ऑफिशियल रिसिव्हर नेमू शकतं, आणि तसा कुणी नसेल तर कोर्ट त्या प्रकरणापुरता योग्य माणूस रिसिव्हर म्हणून नेमतं. माझ्यासारख्या वकिलाकडे हे काम येतं ते असं.

कायदा किती जुना आहे ते त्यातल्या आकड्यांवरून दिसतं. अर्ज करायला कर्ज किमान ५०० रुपयांचं हवं. तेवढं नसलं तरी हुकूमनाम्याच्या, म्हणजे पैसे द्या अशा कोर्टाच्या निकालाच्या, वसुलीत तुम्हाला अटक झाली असेल किंवा मालमत्तेवर जप्तीचा हुकूम चालू असेल, तरी अर्ज करता येतो. अर्जात सगळं लिहावं लागतं: कोणाचे किती देणं, त्यांची नावं-पत्ते, तुमची प्रत्येक मालमत्ता, तिची किंमत, ती कुठे आहे. आणि एक वाक्य अनिवार्य असतं, की ही सगळी मालमत्ता मी कोर्टाच्या स्वाधीन करायला तयार आहे. या वाक्यावर सही करताना माणसाचा हात अडखळतो. अडखळायलाच हवा, कारण पुढचं सगळं त्याच वाक्यातून निघतं.

कर्जदाराने स्वतः अर्ज केला असेल तर कोर्ट अर्ज दाखल करून घेतानाच साधारणपणे हंगामी रिसिव्हर नेमतं. धनकोंना नोटिसा जातात. सुनावणीत तुम्हाला कर्ज फेडता येत नाही एवढं प्रथमदर्शनी दाखवावं लागतं. मग नादारीचा हुकूम होतो, तो राजपत्रात छापला जातो, आणि त्या क्षणी तुमची मालमत्ता तुमची राहत नाही, ती कोर्टाकडे किंवा रिसिव्हरकडे निहित होते. तेही हुकुमाच्या तारखेपासून नव्हे, अर्ज केला त्या तारखेपासून. मुक्तता मिळेपर्यंत मध्येच गावाकडची जमीन वारसाने वाट्याला आली तर तीसुद्धा त्यातच जाते.

याच्या बदल्यात तुम्हाला मिळतं ते संरक्षण. हुकूम झाल्यावर बिनतारणी धनकोला कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्या मालमत्तेवर कारवाई करता येत नाही आणि नवा दावाही लावता येत नाही. अटकेपासून संरक्षणाचा वेगळा हुकूम मागता येतो, तो मागावा लागतो, आपोआप मिळत नाही. तसंही नुसत्या गरिबीमुळे दिवाणी कर्जासाठी माणसाला तुरुंगात टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केलं आहे. ऐपत असून बुडवणाऱ्यासाठी दिवाणी तुरुंग आहे, आणि तोही जास्तीत जास्त ३ महिने. वसुलीवाला दारात येऊन ‘आत टाकतो’ म्हणाला की घरातली माणसं गळून जातात, म्हणून हे सांगून ठेवतो.

रिसिव्हर प्रत्यक्षात काय करतो ते एका प्रसंगातून सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. यंत्रमागाचा असाच बंद कारखाना. कुलूप उघडलं, दोन पंच सोबत, मी यादी करतोय. लूम किती, मोटारी किती. काही लूमच्या मोटारी आधीच काढून विकलेल्या, नुसते सांगाडे उभे. दोन लूमवर अर्धवट विणलेले टॉवेल तसेच, आणि बीमवर सूत भरलेलं. कोपऱ्यात सुताच्या गोण्या. मी गोण्या मोजायला लागलो तसा बाहेर उभा असलेला व्यापारी पुढे आला. म्हणाला, ‘साहेब, ते सूत माझं आहे. मजुरीवर विणायला दिलं होतं.’ कारखानदार मान डोलावत होता. पण चलन कोणाकडेच नव्हतं.

इथे कायदा बारीक आहे. धंद्याच्या जागेत मालकाच्या संमतीने ठेवलेला माल, आणि पाहणाऱ्याला तो नादाराचाच वाटावा अशी परिस्थिती, तर तो माल नादाराचाच धरला जातो. दुसरीकडे, सूत एकाचं आणि विणकाम दुसऱ्याचं ही पद्धत सोलापुरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे गोण्या दिसल्या म्हणून त्या कारखानदाराच्याच असं कुणी गृहीत धरत नाही, आणि व्यापाऱ्याची बाजू त्यावर उभी राहू शकते. पण त्यासाठी कागद लागतो: जॉबवर्कचं चलन, मजुरीचं बिल, वहीतली नोंद. कागद नसेल तर रिसिव्हर म्हणून मला ते सूत यादीत घ्यावंच लागतं आणि वाद कोर्टापुढे ठेवावा लागतो. मी तेच केलं. व्यापारी म्हणतो म्हणून ते सूत सोडून दिलं असतं तर बाकीच्या धनकोंवर अन्याय झाला असता. रिसिव्हर कोणाचा माणूस, या प्रश्नाचं उत्तर या गोण्यांत आहे. तुमच्याकडे कुणाचं मजुरीचं सूत पडून असेल तर त्याची चलनं आजच शोधून एका जागी ठेवा.

त्याच कामात घराची यादी करताना घरातल्या बाईंनी मंगळसूत्र काढून टेबलावर ठेवलं. मी ते परत घालायला सांगितलं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० प्रमाणे जे जप्त करता येत नाही, ते नादारीतही जात नाही. कर्जदाराचे आणि कुटुंबाचे गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, धार्मिक रूढीप्रमाणे बाईने अंगावरून काढू नये असा दागिना, कारागिराची अवजारं, भविष्य निर्वाह निधी, आयुर्विम्याची रक्कम, हे सगळं सुरक्षित. अवजारांच्या सवलतीवर मात्र तुम्ही फार विसंबू नका. हातमागावर स्वतः विणणाऱ्याला ती मिळू शकते. कामगार लावून चालवलेले विजेचे ८ लूम, तेही बँकेला तारण, ‘कारागिराची अवजारं’ म्हणून कोर्ट सोडेल असं मला वाटत नाही. राहत्या घराचीही सूट शेतकरी, मजूर आणि घरगड्याच्या घराला आहे, कारखानदाराच्या घराला नाही.

म्हणजे घर जाऊ शकतं. आणि म्हणूनच ते बायकोच्या नावावर करण्याचा विचार तुमच्या मनात आला. वाईट हेतूने आला असं मी म्हणत नाही, लेकरांच्या डोक्यावर छप्पर राहावं एवढंच त्यात असतं. पण नादारी कायद्याचं कलम ५३ वाचा. मोबदला न घेता केलेलं हस्तांतरण आणि त्यानंतर २ वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला, तर रिसिव्हर ते हस्तांतरण रद्द करून घेऊ शकतो. अर्ज तुम्ही करा नाहीतर धनकोने करो. हो, धनकोसुद्धा अर्ज करू शकतो, आणि फसवण्याच्या इराद्याने मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर करणं हेच त्याला त्यासाठी कारण पुरवतं. वर मालमत्ता लपवणं किंवा खोटी यादी देणं हा याच कायद्याखाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा आहे. म्हणजे घर वाचत नाही, मुद्रांक शुल्क जातं, आणि प्रामाणिक अडचणीतला माणूस लबाड म्हणून कोर्टापुढे उभा राहतो. मग रिसिव्हर तुमचा प्रत्येक कागद संशयानेच वाचतो. घर आधीपासून बायकोच्या नावावर असेल आणि तिच्या पैशांनी घेतलेलं असेल, किंवा वडिलोपार्जित असून भावांचा हिस्सा असेल, तर चित्र वेगळं आहे. ते तुम्ही लिहिलेलं नाही. सात-बारा किंवा मालमत्ता पत्रक पाहिल्याशिवाय त्यावर मत देता येणार नाही.

अशीच दुसरी गोष्ट: एखाद्याचं देणं गुपचूप आधी फेडणं. मेव्हण्याचे दोन लाख आहेत, त्याचे तरी देऊन टाकू, असं वाटतं. दडपण आलं म्हणून दिले तर एक वेळ वेगळं. पण एकाला झुकतं माप द्यायच्या हेतूने दिले आणि ३ महिन्यांच्या आत अर्ज झाला, तर ते पैसे रिसिव्हर मेव्हण्याकडून परत मागू शकतो. मेव्हणा पैसे खर्च करून बसलेला असतो, आणि नात्यात कायमची तेढ येते.

तिसरी गोष्ट, रात्रीत कुलूप लावून भिवंडीला किंवा हैदराबादला निघून जाणं. पूर्व भागातली घरं यात मोडलेली मी पाहिली आहेत. धनकोंना टाळायला घर सोडणं हेसुद्धा कायद्याने ‘नादारीचं कृत्य’ आहे, ते धनकोच्या हातात आयतं कोलीत ठरतं. आणि तुमच्या मागे जामीनदार सापडतात, म्हातारे आईवडील सापडतात. इथेच राहा, नोटिसा स्वीकारा, तारखेला हजर राहा.

आता मुक्ततेचं. नादार ठरवताना कोर्ट एक मुदत देतं, तेवढ्यात तुम्ही मुक्ततेचा अर्ज करायचा असतो. बरेच जण नादारीचा हुकूम झाला की काम संपलं असं समजतात आणि ही मुदत घालवतात. मग हुकूमच रद्द होतो आणि सगळे धनको पुन्हा दारात. मुक्ततेच्या अर्जावर रिसिव्हरचा अहवाल मागवला जातो, कायदा त्या अहवालाला पुरावा मानतो आणि त्यातला मजकूर कोर्ट खरा धरू शकतं. मालमत्ता रुपयाला ५० पैसे एवढंही देणं भागवण्याइतकी नसेल, तर पूर्ण मुक्तता द्यायला कोर्टाला मनाई आहे; मात्र ही स्थिती ज्यासाठी तुम्हाला जबाबदार धरता येणार नाही अशा कारणांनी आली, असं तुम्ही पटवून दिलं तर मार्ग राहतो. सुताचे भाव चढले, टॉवेलला उठाव नाही, ही कारणं बोलून चालत नाहीत, हिशोबातून दिसावी लागतात. त्याशिवाय मागच्या ३ वर्षांच्या वह्या नीट ठेवलेल्या नसतील, आपण बुडालोय हे माहीत असून धंदा रेटला असेल, फेडता येणार नाही हे दिसत असताना नवं कर्ज काढलं असेल, जुगार किंवा सट्ट्यात पैसे घातले असतील, तरी पूर्ण मुक्तता अडते. कार्ड आणि मोबाइलवरची ती २ लाखांची कर्जं कधी काढली हे मी म्हणून विचारतोय. लूम बंद पडल्यानंतर काढली असतील तर त्यावर प्रश्न येणार.

म्हणून वह्या. यंत्रमागवाल्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत, दुकानदारासारख्या त्या कधीच नसतात. पण कामगारांची मजुरीची वही असते, त्यात त्यांची उचल लिहिलेली असते. लाइट बिलं असतात, आणि लूम किती चालले हे त्या युनिटवरून दिसतं. सुताची बिलं, जीएसटीची रिटर्न, बँकेचं पासबुक असतं. एवढ्यातून तीन वर्षांचं चित्र उभं करता येतं. महिन्याला सुताचा खर्च किती, मजुरी किती, टॉवेल किती भावाने गेले, तोटा कधीपासून सुरू झाला. रिसिव्हर असताना मला असा हिशोब मिळाला की अहवालात त्या माणसाच्या बाजूने चार ओळी लिहिता येतात. काहीच नसेल तर काहीच लिहिता येत नाही, माणूस कितीही सरळ असला तरी.

इथपर्यंतचं थोडक्यात: तुमच्यासाठी जुना १९२० चा कायदा, जागा जिल्हा न्यायालय, काम करणारा माणूस रिसिव्हर, आणि त्याच्या हातात तुमची मालमत्ता व तुमचा हिशोब. आता तुमच्या ३१ लाखांतलं कोणतं कर्ज यात येतं ते पाहू. कारण इथेच तुमच्या प्रकरणाचा निकाल आहे.

बँकेचे १४ लाख. तारण असलेल्या धनकोचा तारण विकून घेण्याचा हक्क नादारीने थांबत नाही. बँक सरफेसी कायद्याची ६० दिवसांची नोटीस देऊन कारखान्याचा ताबा घेऊ शकते. नागरी सहकारी बँकेला हा कायदा लागू नाही असा समज अजून आहे, पण २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो लागू असल्याचं ठरवलं, आणि ते प्रकरण कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या बँकेचंच होतं. ताब्याच्या कारवाईविरुद्ध पुण्याच्या डीआरटीत ४५ दिवसांच्या आत जाता येतं. म्हणजे तुमचं सगळ्यात मोठं कर्ज नादारीच्या बाहेरच राहतं, विक्रीतून पैसे कमी पडले तर उरलेल्या रकमेपुरतं ते आत येतं.

पतसंस्थेचे ४ लाख. त्यांनी सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेतला असेल. तुमच्या मालमत्तेपुरता नादारीचा अडथळा त्यांना येतो, पण जामीनदारांना काहीच संरक्षण नाही. तुम्हाला पूर्ण मुक्तता मिळाली तरी जामीनदार मोकळा होत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. त्यांच्यापैकी कुणी नोकरीत असेल तर पगारातून कपात सुरू होईल. अर्ज करायच्या आधी त्या दोघांच्या घरी जाऊन हे समोरासमोर सांगा. जामीनदाराला कोर्टाच्या नोटिशीतून पहिल्यांदा कळणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

सूत व्यापाऱ्याचे ६ लाख. त्याचं येणं दिवाणी आहे आणि ते नादारीच्या यादीत येईल. पण चेक वटला नाही तर कलम १३८ चा खटला फौजदारी आहे आणि तो नादारीच्या अर्जाने थांबत नाही. २ वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस तुमच्या हातात असतात. माझ्या मते तुमच्या घरावर सगळ्यात जवळ आलेलं संकट हेच आहे, आणि प्रश्नात तुम्ही त्याला एकच ओळ दिली आहे.

हातउसने ५ लाख. यात नातेवाईकांचे किती आणि व्याजाचा धंदा करणाऱ्याचे किती, ते वेगळं करा. परवाना नसताना सावकारी करणाऱ्याला २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे कोर्टातून हुकूमनामा मिळत नाही, उलट त्याच्यावर गुन्हा होतो, ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. त्याने कोरे चेक, खरेदीखत किंवा गहाण म्हणून काही लिहून घेतलं असेल तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार करा, सावकारांचे जिल्हा निबंधक तेच असतात. तुम्ही सरकारी ऑफिस शोधत होता ना, तुमच्या प्रकरणात ज्याचा सरळ उपयोग होईल असं ऑफिस हे आहे.

जीएसटीची थकबाकी. सरकारी देणं मुक्ततेनंतरही उरतं आणि वाटपात त्याला प्राधान्य असतं. त्यामुळे तिथे माफीची आशा धरू नका. कार्ड आणि मोबाइल कर्जाचे २ लाख मात्र पूर्णपणे नादारीत येतात. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे, त्या वेळेबाहेरचे फोन नोंदवून ठेवा.

हिशोब मांडून पाहा. बँक बाहेर, सरकार बाहेर, जामीनदार उघडे, चेकचा खटला चालूच. नादारीने ज्यांच्यापासून खरं संरक्षण मिळेल ते देणं निम्म्याहून कमी. त्यासाठी घर रिसिव्हरकडे जाणार, प्रकरण वर्षानुवर्षं चालणार, आणि मुक्तता मिळेपर्यंत आपण नादार आहोत हे न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधारी घेतली तरी तो गुन्हा. महापालिकेची किंवा विधानसभेची निवडणूकही लढवता येणार नाही. म्हणून आजच्या स्थितीत मी तुम्हाला नादारीचा अर्ज करायला सांगणार नाही. घर तुमचं नसतं, तारण नसतं, पाच-सहा बिनतारणी हुकूमनामे एकदम अंगावर असते आणि वॉरंट निघालं असतं, तर मी स्वतः अर्ज लिहायला बसलो असतो. अशा माणसाला हा कायदा खरोखर श्वास घेऊ देतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तुमच्यासाठी मी हा क्रम धरेन. आधी चेकचा प्रश्न: व्यापाऱ्याशी हप्त्यांची लेखी तडजोड, चेक परत घेण्याच्या अटीसह, जमलं तर लोकअदालतीत, म्हणजे दोघांनाही बंधन राहील. मग बँक: लूम तुम्ही स्वतः गिऱ्हाईक शोधून बँकेच्या संमतीने विकले तर लिलावापेक्षा किंमत बरी येते, आणि ती रक्कम पुढे ठेवून एकरकमी तडजोड मागा. जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीत नागरी बँकांनाही तडजोडीचं संचालक मंडळाने मंजूर केलेलं धोरण असावं लागतं, ते धोरण काय आहे हे लेखी विचारा. पतसंस्थेत सहकार खात्याची सामोपचार योजना चालू आहे का ते पाहा, आणि तिथे जामीनदारांना बरोबर घेऊनच जा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे अर्ज करा. हे सगळं फसलं तर नादारीचा अर्ज आहेच, आणि तोवर तुम्ही जमा केलेल्या वह्या तिथेही उपयोगी पडतील. नादारीतसुद्धा तडजोडीची योजना मांडता येते: देणं सिद्ध केलेल्या धनकोंपैकी संख्येने बहुमत आणि रकमेने तीन चतुर्थांश राजी झाले तर कोर्ट ती मंजूर करू शकतं.

मला तीन गोष्टी कळवा: व्यापाऱ्याचा चेक बँकेत टाकला गेलाय का आणि नोटीस कोणत्या तारखेला मिळाली, घर कोणाच्या नावावर आणि कधी घेतलेलं, आणि पतसंस्थेचा १०१ चा दाखला झालाय की नुसतीच मागणीची नोटीस आहे. नावं आणि खाते क्रमांक इथे लिहू नका. चेकची नोटीस आली असेल तर माझ्या उत्तराची वाट न पाहता उद्याच कुणातरी वकिलाला गाठा, कारण ते १५ दिवस कोणासाठी थांबत नाहीत.